सावलीतला चितारी

नकाशात अंजनगाव सुर्जी शोधायचे असेल तर सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाड्यावर बोट ठेवावे आणि ते हळूहळू पश्चिमेला, अकोटच्या दिशेने सरकवावे. वाटेत जे जोडनावाचे गाव लागते, ते हे. हे नाव आपण सर्वांनीच शाळेत घोकलेले असते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात सुर्जी-अंजनगावचा तह झाला, हे वाक्य परीक्षेपुरते कुणाला आठवत नव्हते? असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली, अडगावची २९ नोव्हेंबरला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि मग वेलस्लीसाहेबाने येथे बसून शिंद्यांकडून दुआबातला मुलूख, भडोच आणि अहमदनगरचा किल्ला लिहून घेतला. हाच साहेब पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पाडाव करून अजरामर झाला. ज्या गावाने त्याला सहीपुरती जागा दिली, त्या गावाविषयी मात्र इतिहासाची पुस्तके एक ओळही खर्च करीत नाहीत. तारीख पाठ झाली की गाव विसरायचे, असा आपला शिरस्ता!

मी गेलो तो अमरावतीहून, एसटीने. परतवाड्याच्या वाटेला लागले की थोड्याच वेळात वलगाव येते आणि पेढी नदीचा पूल लागतो. २० डिसेंबर १९५६ रोजी येथेच, प्रवासात असताना, गाडगेबाबांनी देह ठेवला. आणि त्यांचा जन्म झाला तो २३ फेब्रुवारी १८७६ रोजी, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावी. एका माणसाच्या आयुष्याची दोन्ही टोके एसटीच्या एका तिकिटात बसावीत आणि मधल्या ऐंशी वर्षांना मात्र सारा महाराष्ट्र अपुरा पडावा, याचे मला खिडकीशी बसल्या बसल्या नवल वाटत होते. परतवाडा सोडले की उजव्या हाताला सातपुडा सोबतीला येतो. डावीकडे काळी कुळकुळीत जमीन, फुटू लागलेला कापूस, माणूसभर उंचीची तूर आणि मध्येच संत्र्यांच्या बागा. दिवाळीच्या तोंडावर वऱ्हाडाचे हे रूप पाहावे. उन्हाळ्यात ज्यांनी हा मुलूख पाहिला, त्यांनी याला उगाच रुक्ष ठरवून टाकले आहे.

शहानूर नदीकाठचे हे गाव. एके काळी मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची ‘शकुंतला’ ही छोटी आगगाडी येथे येत असे. गेली काही वर्षे ती बंद आहे. सुर्जीला देवनाथांचा मठ आहे. हे देवनाथ एकनाथांच्या परंपरेतले. परंतु अंजनगावची खरी ओळख विचाराल तर ती विड्याच्या पानाची. पानमळा ज्याने पाहिला नाही त्याला मी सांगेन, की एकदा भर दुपारी आत पाऊल टाकून पाहा. बाहेर ऊन मी म्हणत असते आणि आत देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा. शेवरी, हादगा, पांगारा अशी झाडे ओळीने लावून त्यांच्या सावलीत वेल चढवलेली असते. वेल फार उंच गेली की तिला खाली उतरवून पुन्हा मातीत गाडायचे, म्हणजे ती नव्या जोमाने फुटते. पानमळ्याबरोबर येथे पानपिंपरीही पिकते. आपल्या घरच्या त्रिकटूत सुंठ आणि मिरे यांच्या जोडीला जी पिंपळी असते, तीच ही. तिलाही सावलीच लागते. उघड्या उन्हात ही दोन्ही पिके टिकायची नाहीत.

माझा नागपूरचा एक वर्गबंधू येथे शिक्षक आहे. वडिलोपार्जित छोटासा पानमळा अजून त्याने राखला आहे. त्याने बोलावले होते ते काही पाने पाहायला नव्हे. “ये, चार दिवस राहा, आणि माझ्या पोराला दोन शब्द सांगून जा. तू मास्तर आहेस, तुझं ऐकेल,” असे तो फोनवर म्हणाला होता. मास्तरांचे कोण ऐकते, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. तरी मी गेलो.

मुलगा एकवीस वर्षांचा. पदवी घेतलेली, नोकरी नाही. चित्रे काढतो. चित्रे म्हणजे भिंतीवर टांगायची नव्हेत, तर चित्रकथा, ज्यांना आपण सरसकट कॉमिक्स म्हणतो त्या. सोळा पानांची पुस्तिका, किंमत वीस रुपये. अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांत त्या हातोहात फिरतात. कथानायक आहे रात्रीच्या शेवटच्या एसटीचा कंडक्टर. त्याच्या गाडीत नाना काळांतली माणसे चढतात. एका अंकात खुद्द वेलस्लीसाहेब तहाचा कागद बगलेत मारून चढतो आणि त्याच्याजवळ सुटे पैसे नसतात! “सायब, सुटे नसन तं उतरा खाली,” असे कंडक्टर त्याला सुनावतो. मी हे वाचले तेव्हा एकटाच मोठ्याने हसलो. कंडक्टरचा चेहरा मात्र कोणत्याही चित्रात दिसत नाही. टोपीची सावली त्याच्या डोळ्यांवर पडलेली असते. आणि पुस्तिकेवर चित्रकाराचे नाव नाही. मुखपृष्ठावर नाही, मलपृष्ठावर नाही, आत कुठे कोपऱ्यातही नाही.

वर्गबंधूचे दुःख हेच होते. “नाव नाही, फोटो नाही. लोक विचारतात, कोणाच्या आहेत या? हा गप्प. कोणी भेटायला आलं की मळ्यात जाऊन बसतो. अशानं पोट कसं भरणार? उद्या कोणी मुलगी द्यायला आलं तर मी काय सांगू, मुलगा काय करतो म्हणून?”

त्याच दुपारी याचे प्रत्यंतर आले. अकोल्याचे दोन तरुण मोटारसायकलवरून घर शोधीत आले. छापखान्यातून त्यांनी पत्ता काढला होता म्हणे. अंगणात चपला काढून, देवळात आल्यासारखे ते ओटीवर बसले.

“काका, हे घर त्याहीचंच न?” एकाने दबक्या आवाजात विचारले.

“कोनाचं?” वर्गबंधूने वेड पांघरले.

“कंडक्टरवाल्याचं.”

वहिनींनी चहा आणला. बापाने मळ्याकडे एक निरोप धाडला. निरोप जसा गेला तसाच परत आला. मुलगा येणार नव्हता. तरुण तासभर बसले. भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही त्यांनी अशा भक्तिभावाने पाहिले, की मला हसू आवरेना. शेवटी एकाने पिशवीतून वाचून वाचून मऊ पडलेली पुस्तिका काढली. “मामाच्या गावी, परतवाड्याले चाललो आमी. उद्या परततानी येऊ. यावर त्याहीची सही भेटन का? नसन द्याची तं राहू द्या, आमची काही जबरदस्ती नाही,” असे म्हणून त्याने ती वहिनींच्या हाती दिली आणि ते गेले.

संध्याकाळी मी मळ्यात गेलो. मुलगा शेवरीच्या बुंध्याशी बसून पाने खुडत होता. उपदेश करायला गेलेला माणूस जसा आधी हवापाण्याचे बोलतो, तसे मी बोललो. त्याने ते ओळखले. “काका, बाबांनी धाडलं न तुम्हाला? बसा. तुम्ही डिट्कोचं नाव ऐकलं आहे?”

मी ऐकले नव्हते. स्पायडरमॅन मात्र कोणाला ठाऊक नाही? अंगभर लाल-निळा पोशाख चढवून भिंतीवरून चालणारा तो पोरगेला नायक आमच्या घरच्या दप्तरांवर, डब्यांवर, उशांच्या अभ्य्रांवर कधीपासून ठाण मांडून आहे. तो प्रथम अवतरला १९६२ च्या ऑगस्टच्या अंकात. लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिट्को. हा डिट्को पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाऊन गावचा, जन्म २ नोव्हेंबर १९२७ चा. तोवरचे बहुतेक नायक डोळ्यांपुरती पट्टी बांधीत. सगळा चेहरा झाकणारा मुखवटा डिट्कोने या पोराला दिला. आत कोण आहे, किती घाबरले आहे, ते शत्रूला दिसू नये म्हणून. मग चेहऱ्याचे काम त्याने हातांकडून करून घेतले. डिट्कोच्या चित्रांतले हात पाहावेत. वळलेली, ताठरलेली, आवळलेली बोटे जणू बोलत असतात. पुढल्याच वर्षी त्याने डॉक्टर स्ट्रेंज नावाचा मांत्रिक चित्रांत आणला आणि त्याच्यासाठी अशा काही अधांतरी सृष्टी रेखाटल्या, की पाहणाऱ्याची मती गुंग व्हावी.

१९६४ साली न्यू यॉर्कमध्ये चाहत्यांचा एक छोटा मेळावा भरला, त्याला तो गेला होता. त्यानंतर मात्र अशा मेळाव्यांत तो दिसला नाही. लेखकाशी त्याचे बोलणे बंद झाले आणि १९६६ साली, ऐन लोकप्रियतेच्या भरात, त्याने स्पायडरमॅन सोडून दिला. १९६८ नंतर त्याने मुलाखत दिली नाही, छायाचित्र काढू दिले नाही. त्याचे म्हणणे साधे होते: मी वाचकाला माझे काम देतो, मी कसा दिसतो, कसा राहतो, हे काही विकायला काढलेले नाही. २००७ साली इंग्लंडच्या एका नामांकित दूरचित्रवाणीवाल्याने, जोनाथन रॉसने, त्याच्या शोधाचा माहितीपटच काढला. डिट्को त्याला भेटला, बोलला, काही पुस्तकेही हातावर ठेवली. पण कॅमेरा दाराबाहेर ठेवूनच!

“आणि शेवट कसा झाला, तेही सांग,” मागून आवाज आला. वर्गबंधू केव्हा येऊन उभा राहिला होता, ते आम्हाला कळलेच नव्हते.

मुलगा क्षणभर थांबला. “२९ जून २०१८ ला न्यू यॉर्कला त्याच्या घरी तो मेलेला सापडला. नव्वद वर्षांचा होता. दोन दिवस आधीच गेला असावा म्हणतात.”

“ऐकलंस?” वर्गबंधू माझ्याकडे वळून म्हणाला. “पोट कसं भरणार, लग्न कसं होणार, हे मी बोलतो खरा. पण रात्री झोप लागत नाही ती यानं. दोन दिवस कोणाला पत्ता नाही! माझ्या पोराला असलं मोठेपण नको.”

यावर बाप-लेक दोघेही गप्प झाले. मळ्यात अंधार लवकर पडतो. आम्ही तिघे काही न बोलता घरी परतलो. भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असा सुरेख बेत होता, पण बोलणे काही रंगले नाही.

रात्री झोप येईना, तेव्हा वर्गबंधूने माडीवरची लोखंडी ट्रंक उघडली. थोरल्या भावाची ती. आत चांदोबाचे जुने अंक, मराठी इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्रकथा. इंद्रजाल १९६४ साली निघाले आणि १९९० साली बंद पडले. म्हणजे आमच्या पिढीच्या वाट्याला त्याची शेपटीच आली. पण त्या शेपटीवरही आम्ही किती उड्या मारल्या! आम्ही दोघे चाळिशी ओलांडलेले गृहस्थ जमिनीवर पालथे पडून वेताळाची चित्रे पाहू लागलो. वेताळाच्या मुखवट्याआडचे डोळे कधी दिसत नसत, आणि टिंकलमधल्या शिकारी शंभूचे डोळेही त्याच्या टोपीखाली कायमचे झाकलेले. मग कंडक्टरच्या टोपीचे कूळ मला तेथल्या तेथे सापडले.

तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ही चित्रे आम्हाला पाठ होती. काढणाऱ्यांची नावे मात्र आम्ही कधी विचारली नव्हती. चांदोबातले, खांद्यावर प्रेत घेऊन तलवार पेललेल्या विक्रमाचे चित्र डोळे मिटले तरी दिसते. ते काढणारे शंकर २०२० साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले, तेव्हा कितीकांना प्रथमच कळले, की या शंकरांचे पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. अमर चित्रकथेतला कृष्ण आणि टिंकलमधला सुप्पांडी हे दोन्ही राम वाईरकरांच्या हातचे. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा. हे दोघे तर आपले मराठी! या माणसांनी काही एकांतवास पत्करला नव्हता. त्यांनी दार लावून घेतले नव्हते. आम्हीच दारावरची पाटी वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी आणि मुलगा शेंडगावला गेलो. गाडगेबाबांचे जन्मगाव पाहायचे, ही माझीच हौस. वाटेत मी त्याला म्हणालो, “तुझा डिट्को दूरचा. चाहत्यांपासून पळणारा माणूस तुझ्याच तालुक्यात होऊन गेला.” तो चमकला. पण विचार करा. १ फेब्रुवारी १९०५ रोजी हा गृहस्थ घर सोडून बाहेर पडला. गावात शिरायचे, खराटा हाती घेऊन रस्ते झाडायचे, रात्री कीर्तनात हजारोंना हसवायचे-रडवायचे. आणि लोक पाया पडायला धावले की काठी उगारायची, नाहीतर गुपचूप दुसऱ्या गावची वाट धरायची. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही, हे ते आयुष्यभर सांगत राहिले. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. भक्तांचे त्यांना वावडे नव्हते. भक्ताने झाडू घ्यावा, पायावर डोके ठेवू नये, एवढाच त्यांचा आग्रह. आणि आपण काय केले? विद्यापीठाला त्यांचे नाव दिले, स्वच्छतेच्या सरकारी अभियानाला दिले, जागोजागी पुतळे उभारले. त्यांना ते आवडले असते असे मला वाटत नाही. पण ते नाव टिकले नसते, तर या पोराला सांगायला माझ्याजवळ तरी काय उरले असते?

“मग काका, तुमचं म्हणणं काय? मी बाहेर येऊन बसू? फोटो काढू द्यू?”

मी रात्रभर जे जुळवले होते, ते त्याला सांगितले. डिट्को लपला होता, असे तू समजतोस. मला तसे दिसत नाही. त्याने चेहरा दिला नाही, नाव मात्र दिले. चित्रांवर त्याचे नाव होते. कथेचा आराखडाही आपलाच असतो, तर त्याचे श्रेय आपल्याला मिळावे, म्हणून तो भांडला आणि ते त्याने छापून घेतले. वाचकांच्या पत्रांना तो स्वतःच्या हाताने उत्तरे पाठवी. म्हातारपणीही काळ्या-पांढऱ्या छोट्या पुस्तिका छापून विकत होता, अगदी तुझ्यासारख्या. स्पायडरमॅनचे चित्रपट २००२ पासून जगभर गाजले, त्यांच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव येते. चेहरा ही आपली मर्जी. द्यावा वाटला तर द्यावा, नाही तर नाही. पण नाव ही कामाची जबाबदारी आहे. उद्या तुझा कंडक्टर दुसऱ्या कोणी चोरला, तर तो तुझा हे कशावरून सांगशील? आणि तुझ्या चित्रात काही चुकले, कोणाचे मन दुखावले, तर त्या माणसाने जाब कोणाला विचारायचा? राम वाईरकरांची चित्रे आम्ही त्यांच्या नावावाचून पाहिली, त्यात त्यांचा मोठेपणा नव्हता, आमची उणीव होती. तशी संधी तू लोकांना आपण होऊन का देतोस?

तो काही बोलला नाही. मी पुढे म्हणालो, “आणि बाबांची भीती चेहऱ्याची नाही, नावाची नाही. ती त्या दोन दिवसांची आहे. चाहत्यांना दार लाव, घरच्यांना लावू नकोस. मळ्यातून रोज संध्याकाळी जेवायला घरी येतोस ना? तेवढं सोडू नकोस, म्हणजे झालं.”

तो हसला. “आईच्या हातचं वांगं सोडून कोठं जाणार काका?”

शेंडगावात आम्ही फार वेळ थांबलो नाही. एक म्हातारा अंगण झाडत होता. “कुठचे हो बाप्पा तुमी?” त्याने विचारले. मी गाव सांगितले. “बाबाच्या पाया पडाले आले असान,” तो म्हणाला, “पडा, पडा. आता ते मारत नाईत.” आणि खो खो हसत त्याने पुन्हा खराटा हाती घेतला.

दुपारी अकोल्याचे तरुण परत आले. मुलगा मळ्यातच होता. याही वेळी तो बाहेर आला नाही. वहिनींनी आतून पुस्तिका आणून त्यांच्या हाती ठेवली. एकाने घाईघाईने पान उलटले. शेवटच्या चित्रात कंडक्टर मुक्कामाच्या गाडीतून उतरून घराकडे चालला आहे, पाठमोरा. त्याच्या खांद्याच्या पिशवीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, शाई अजून ताजी होती. पूर्ण नाव, आणि त्याखाली गावाचे नाव. दोघांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. मग एकाने मळ्याच्या दिशेने पाहून नुसते हात जोडले आणि मोटारसायकल चालू केली. वर्गबंधू खांबाला टेकून उभा होता. “बापाचं नाव मधे घातलंय पोरानं,” तो मला हळूच म्हणाला आणि काहीतरी काम काढून आत गेला.

वाचकहो, ते नाव मी येथे देणार नाही. ज्यांना ते वाचायचे असेल त्यांनी पुस्तिका विकत घ्यावी. किंमत वीस रुपये फक्त.